गिळलेली ओळ

निरवांगी, ता. इंदापूर
११ ऑगस्ट

ऋषिराज सायेब,

दिल्लीला जाऊन तुमाला समदं पाठ झालं. कुठल्या देशाचा झेंडा कसा, कुठल्या राजाला काय म्हणून हाक मारायची. एक तेवढं इसरलात, की तुमच्या आजीला वाचता येत न्हाय. मागल्या पत्रात तू लिवलंस, "आजी, हे फक्त तुझ्यापुरतं, सिंधुवहिनीला कळू देऊ नकोस, कुंडलिकदादाला सुटायला दिवाळी उजाडेल." ते पत्र मला वाचून दाखवलं कुणी? सिंधीनं. तुझ्या चुलतभावाच्या, कुंडलिकाच्या बायकूनं. "कळू देऊ नकोस" हितपर्यंत तिचा आवाज चांगला खणखणीत हुता. मग थांबली. मी म्हणलं, सिंधे, चष्मा पुसून देऊ का? तर म्हणाली, पुसा, पण माझा न्हाय, तुमच्या नातवाचा.

आत्ताबी तीच लिवतीया. पेन तिच्या हातात हाय, तवा जरा सांभाळून ऐक.

फोन का करत न्हाय म्हणून इचारलंस. फोनवर तू "हां आजी, हां आजी" म्हणतोस आन् मागं कुणाशी तरी इंग्रजी बोलतोस. कागदावर तसं करता येत न्हाय. आन् माझी रीत तुला ठावं हाय. सिंधीनं वाचलं की तेच पत्र मी म्हस्कूकडं नेती. म्हस्कू रिटायर पोस्टमन. त्याच्या भोपळ्याचा येल सिंधीच्या शेळीनं खाल्ला तवापास्नं ती दोघं एकमेकांच्या सावलीला उभी राहत न्हाईत. म्हणून तर मला तीच दोघं लागत्यात. दोघांनी सारखं वाचलं तर ते खरं. ह्या खेपेला दोघांनी सारखंच वाचलं. म्हंजे दिवाळीचं ते तूच लिवलंयस.

कुंडलिक डाळिंबाची गाडी घेऊन त्या शेजारच्या देशात गेला, त्याला आज तेवीस दिस झालं. आपल्याकडच्या एकेचाळीस गाड्या तितल्या आवारात उभ्या केल्यात. डाळिंब कुजली ती कुजली, माणसं कशापायी धरली? तर तू लिवतोस, नव्या पंतप्रधान बाईंच्या शपथेला बाकीच्या शेजाऱ्यास्नी मंत्री जाऊन बोलावून आलं आन् ह्यास्नी कॉम्प्युटरवरनं चिठ्ठी गेली. आलं तर दुसऱ्या रांगेत बसवलं. म्हणून ते रुसलं, आन् आता त्यांचं पत्र आलंय, की गाड्या आन् माणसं सोडतो, पण न्यायला कुणीतरी पाठवा.

त्या पत्रात त्यांचा एक शब्द हाय म्हणं. "घेऊन जायला येणारा" असा. त्याचं तू इंग्रजीत केलंस, "जबाबदार अधिकाऱ्याला हजर करा." पेपरात मोठ्या अक्षरात आलं, "हजर व्हा: शेजाऱ्याची धमकी," आन् तू फुशारकीनं लिवलंस, की आजी, हे शब्द माझे. बाई लगीच म्हणाल्या, आमी कुणाच्या दारात हजर व्हणार न्हाय. टाळ्या पडल्या. कुंडलिक तितंच.

मला एवढंच सांग. तो शब्द ते लोक कवा वापरत्यात? चोर न्यायला पोलीस येतो तवा, का पोरगी न्यायला भाऊ येतो तवा?

तुझ्या लग्नाचं ह्या पत्रात काढत न्हाय. जागा कमी हाय.

अंगठा, ठमाबाई


नवी दिल्ली
१९ ऑगस्ट

आजी,

पत्र पोहोचलं. नमस्कार लिहितो, घ्यायचा की नाही ते तू ठरव.

सिंधुवहिनी, आधी तुमच्याशी बोलतो. हे तुम्हीच वाचत असणार हे मला सुचायला हवं होतं. चूक झाली. कुंडलिकदादा सुखरूप आहेत. दोन वेळचं जेवण मिळतं, आमच्या वकिलातीचा माणूस दर आठवड्याला जाऊन भेटतो आणि सगळ्यांना घरी फोन लावून देतो. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. पुढचं वाचायचं नसेल तर म्हस्कूतात्यांकडे द्या.

आजी, आता तू. परराष्ट्र धोरण म्हणजे निरवांगीची भावकी नव्हे. बाईंना खुर्चीवर बसून दोन महिने झालेत. पलीकडचा मोठा देश टपून बसलाय, या छोट्या शेजाऱ्याला बंदर बांधून देतो म्हणतोय. तेल देणारे वेगळेच अडून बसलेत. पहिला परदेश दौरा कुठे करायचा यावर रोज तीन बैठका होतात आणि तिन्हींत वेगळं ठरतं. प्रचारात बाई प्रत्येक सभेत म्हणाल्या होत्या की आम्ही कुणापुढे वाकणार नाही. आता एवढ्याशा देशाने बोलावलं आणि आमचा माणूस पळत गेला, तर बाकीचे शेजारी काय शिकतील? उद्या जो तो गाड्या अडवून बसेल. तू घरात बसून म्हणतेस, पाठवा की कुणीतरी. इतकं सोपं असतं तर हजार माणसं इथे कशाला बसली असती?

राहिलं भाषांतर. ती भाषा येणारे कार्यालयात आम्ही दोघे, त्यातले एक दीर्घ रजेवर. कोशात त्या शब्दाचे चार अर्थ दिलेत. मी घेतलेला अर्थ त्या चारांत आहे. त्या कागदावर माझी सही आहे आणि तो कागद पार वरपर्यंत जाऊन आलाय. बाई त्यावर संसदेत बोलल्यात. नोव्हेंबरात माझी परदेशी नेमणूक व्हायची आहे, त्यासाठी स्वरूपाने नोकरीचा राजीनामा दिलाय. आता मी उठून साहेबांना सांगू का, की निरवांगीहून माझ्या आजीला शंका आली आहे?

आणि लग्नाचं तू काढत नाहीस म्हणालीस, म्हणजे काढलंसच. चार वर्षं हेच ऐकतोय. निमंत्रण म्हस्कूतात्यांच्या फोनवर पाठवलं होतं. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं गेलं. त्यावरही तू आली नाहीस, यात माझा काय दोष? स्वरूपाने पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. कुणी बसायला आलं की उठवत होती. ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. हे तुला कुणी वाचून दाखवलं नसेल, म्हणून मी लिहितो.

ऋषिराज


निरवांगी
२७ ऑगस्ट

ऋषिराज,

तुझं पत्र दोघांकडनं वाचून घेतलं. माझ्या सवालाचं उत्तर दोघांनाबी सापडलं न्हाय. सिंधीनं पाकीट उलटं करून झटकलं, न जाणो तितं अडकलं असंल. म्हस्कू म्हणाला, पत्र मोठं हाय पण टपाल रिकामं हाय.

खुर्चीचं मला ठावं न्हवतं. ते बाजूला ठेवती.

आता तुला एक सांगती, जे तुझ्या बापालाबी कधी सांगितलं न्हाय. लिव गं सिंधे, नाक वढू नको.

वडगाव निंबाळकरला माझा भाऊ हुता, गेणबा. तू त्याला बघितला न्हाईस. का बघितला न्हाईस ते ऐक. त्याच्या पोरीचं, छकुलीचं लगीन निघालं. मी एकुलती एक आत्या. आमच्यात आत्याला आणायला घरचा माणूस येतो, मुराळी म्हणत्यात त्याला. तो आला म्हंजे मूळ आलं, मग आत्या पातळ बदलून गाडीत बसते. नुसत्या पत्रिकेवर गेलं तर ती पाहुणी झाली, हळद लावायला पुढं व्हायचा मान तिचा ऱ्हात न्हाय. तर पत्रिका आली टपालानं. तुझ्या आज्यानं वाचली. लगीन अमक्या दिशी, येण्याचं करावं, म्हणाला. मी इचारलं, मूळ? तो म्हणाला, तसं काय लिवलेलं न्हाय.

मी बसले घरात. लग्नाच्या आदल्या दिशी सकाळपास्नं समदी भांडी राखेनं घासली, घासलेली परत घासली. गेणबाचं नाव टाकलं. त्यानंबी माझं टाकलं. अकरा वर्सं आमी बारामतीच्या बाजारात एकमेकांना बघून गल्ली बदलली. मग तो वारला. मी गेले न्हाय, कारण तवाबी मला कुणी न्यायला आलं न्हवतं.

पुढं तुझा आजा गेला. त्याच्या पेटीत कागद हुते. म्हस्कू तवा नोकरीत, पेन्शनचा कागद द्यायला आला, म्हणून मी ती पत्रिका त्याच्या हातात दिली. म्हणलं, वाच जरा, हौस हाय माझी. छापलेलं समदं वाचलं. मग खाली हातानं लिवलेली एक ओळ हुती. "ताई, दाजी मला उंबऱ्यात घेणार न्हाईत, म्हणून आदल्या दिशी सकाळी मी स्वतः जीप घेऊन फाट्यावर उभा राहतो, तू फाट्यावर ये." म्हस्कूनं टोपी काढली. मी म्हणलं, परत वाच. परत तेच निघालं.

छकुलीकडनं मग कळलं, गेणबा दुपारपर्यंत फाट्यावर उभा हुता, आन् मी हितं हाकेच्या अंतरावर भांडी घासत हुते.

तुझा आजा काय वाईट माणूस न्हवता. बैलाच्या सौद्यावरनं त्याचं आन् गेणबाचं फाटलं हुतं, त्या रागात एक ओळ गिळली. तिखट न्हवती ओळ, त्याला लागली न्हाय. मला अजून लागतीया. तवापास्नं मी दोघांकडनं वाचून घेती.

तुझी ती पंतप्रधान बाई. मला वाटायचं, एवढी शिकलेली, इमानात हिंडणारी, तिला काय कमी. पण तुझ्या पत्रावरनं कळलं, ती आन् मी एकाच चुलीपुढं बसलोय. तिला त्यांची भाषा येत न्हाय. त्यांचं पत्र तिला कुणीतरी वाचून दाखवतं. आन् वाचणारा एकच हाय. तो कुणाचा नातू, ते सांगायला नको.

बाकीचे शेजारी काय शिकतील म्हणतोस. आरं, बाकीच्यांकडं मंत्री चालत गेलं तवा कुणी वाकलं न्हाय, आन् ह्यांच्याकडं गेलं की कंबर मोडते व्हय? आन् नेमणुकीचं म्हणशील, तर ज्याला एक शब्द सरळ न्हेता येत न्हाय त्याला परदेशात धाडून सरकार काय करणार हाय? कोश हितंच ठेव, तितं चार अर्थाचं वझं व्हईल.

निळ्या खुणांचं उत्तर. म्हस्कूनं फोन दाखवला हुता. गणपती, फुलं, आन् आतनं सनई वाजत हुती. लई छान. त्यात मूळ कुठं हुतं? बारामतीच्या स्टँडवर कुणी उभं केलं असतंस तरी मी चालत आले असते.

अंगठा, ठमाबाई

भावजी, हे आजींनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते. यांचा फोन मंगळवारी आला. तिथली माणसं चहा देताना रोज एकच विचारतात, तुम्हाला न्यायला कोण येणार. दम देऊन विचारत नाहीत म्हणाले. नांदायला गेलेल्या पोरीला शेजारणी विचारतात तसं विचारतात. तुमची नेमणूक नोव्हेंबरात आहे. माझ्या नवऱ्याची कधी आहे ते तुमच्या कोशात बघून कळवा. — सिंधू


नवी दिल्ली
१२ सप्टेंबर

आजी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पोरगी न्यायला भाऊ येतो तेव्हा.

कोशात त्या शब्दाचा पहिला अर्थ तोच आहे. मी चौथा घेतला. वरच्या मजल्यावर चौथा आवडेल हे मला माहीत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, हे तुला मुद्दाम लिहितो. सांगितलं असतं तर मला निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अर्ध्या पानाचं टिपण केलं, की आधीचं भाषांतर चुकीचं आहे आणि चूक माझी आहे. साहेबांनी ते दोन दिवस टेबलावर पालथं ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे मागे घे. बाई सभागृहात बोलून बसल्यात. आता तो देश धमकी देत नाही असं कळलं, तर आपली फजिती त्यांच्यापेक्षा मोठी." मी मागे घेतलं नाही. त्यावर ते जे बोलले ते सिंधुवहिनींच्या तोंडून तुला ऐकवायला बरं दिसणार नाही. माझं टिपण मग त्यांनी स्वतःच वर पाठवलं, सोबत माझ्याविरुद्ध दोन पानं जोडून. त्या दोन पानांमुळेच बाईंनी मला बोलावलं.

खोलीत साहेबही होते. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"सही दोन्हींवर तुमचीच आहे. खोटा कुठला?"

"पहिला."

"का लिहिलात?"

"तुम्हाला आवडेल म्हणून."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. बाई रागावल्या असाव्यात. चेहऱ्यावरून कळत नाही, पण त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाल्या, "तुमच्या गावाकडे मुलीला आणायला कोण जातं?"

"भाऊ. सख्खा नसला तर चुलत. नोकर जात नाही."

"आणि कुणीच गेलं नाही तर?"

मी त्यांना गेणबाआजोबांचं सांगितलं. तुला विचारलं नव्हतं, याबद्दल रागवायचं तर रागव. मग तुझी दोघांकडून वाचून घ्यायची रीतही सांगून टाकली, एकमेकांशी न पटणारे दोघे लागतात तेसुद्धा. तेव्हा मात्र त्या हसल्या. म्हणाल्या, "तसे दोघे मला या इमारतीत हवे तेवढे मिळतील."

गुरुवारी त्यांचे थोरले भाऊ तिकडे गेले. निवृत्त गुरांचे डॉक्टर आहेत, राजकारणात नाहीत. सोबत ना फौजफाटा, ना कॅमेरे. पेपरांनी धुतलंच. एकाने लिहिलं, देश चालवायला आता घरची माणसं लागतात. दुसऱ्याने लिहिलं, बाई वाकल्या. बाईंनी एकालाही उत्तर दिलं नाही. पुढे काय झालं ते कुंडलिकदादा माझ्या आधी तुला सांगतील, कारण शनिवारी फाटक उघडलं.

माझी बदली झाली. जुनी कागदपत्रं ठेवतात तिथे. काम कमी आहे, जागा थंड आहे. नेमणुकीचं पुढे बघू. मजेत आहे.

ऋषिराज


निरवांगी
२३ सप्टेंबर

ऋषिराज,

तुझं पत्र सिंधीनं वाचलं, "मजेत आहे." म्हस्कूनं वाचलं, "मजेत आहे." दोघांनी सारखंच वाचलं, म्हंजे खोटं लिवणारा परत तूच. पण ह्या खेपेला तू दुसऱ्याचं गिळलं न्हाईस, सोताचंच गिळलंस. ते मी चालवून घेती.

गेणबाचं माझ्या माघारी तिला सांगितलंस. दिल्लीच्या बाईला माझ्या फाट्यावर नेऊन उभी केलीस. रागावले हुते. दोन दिस रागावले. मग सिंधी म्हणाली, आजी, त्या फाट्यावरनं ह्यांची गाडी आली. मी उठले आन् चहाचं आधण ठेवलं.

कुंडलिक आला. दाढी जंगलावानी वाढलेली, प्यांट दोरीनं बांधलेली. सिंधीनं त्याला दारातच उभं केलं आन् आधी शेळी बांधली. का, तर म्हणं म्हस्कू बघायला येणार हुता. म्हस्कू आला, कुंडलिकाला मिठी मारली, सिंधीकडं बघितलं न्हाय. बरंय. त्यांचं पटलं तर माझी पत्रं कोण वाचणार?

कुंडलिकानं समदं सांगितलं. बाईंचा भाऊ उतरला तो आधी गाड्यांकडं गेला, एकेका डायवरला नाव इचारलं. मग तितंच आवारात त्यांच्या मंत्र्यासमोर बसला. मंत्री तोंड फुगवून. तासभर ऐकवलं म्हणं त्यानं. चिठ्ठी कॉम्प्युटरवरनं आली ते, दुसरी रांग ते, पुढं बसलेल्याच्या फेट्यामुळं काय दिसलं न्हाय तेसुदिक. भावानं मान खाली घालून ऐकलं. मग पिशवीतनं पत्र्याचा डबा काढला. त्याच्या बायकूनं केलेलं बेसनाचं लाडू. मंत्र्यानं एक खाल्ला, दुसरा खिशात घातला. हसला न्हाय. पण तो शब्द म्हणाला, तुझा तो, चार अर्थाचा. कुंडलिकाला आता तेवढा एकच शब्द येतोय त्या भाषेतला, आन् दिसभर शेळीला म्हणतोय.

तुमची गाडी रुळावर आली असं समजू नको. ते लोक अजून रागातच हाईत. बंदरबी देतील त्या मोठ्याला, द्यायचं तर. पण माणसं घरी आली.

आता तुझं-माझं. माझा राग गेला न्हाय. तू मला मूळ धाडलं न्हाईस, ते तुझ्या खात्यावर हाय आन् ऱ्हाणार. पण तुझ्या पत्रातली ती खुर्ची मी बाजूला ठेवली हुती ना, ती रोज मधीच येतीया. चुलीपुढं बसले तरी दिसते. तुझी बायकू मला वळखत न्हाय, मी तिचं तोंड बघितलं न्हाय, आन् भर मांडवात ती माझ्यासाठी माणसं उठवत हुती. म्हंजे तितंबी कुणीतरी फाट्यावर उभं हुतं, आन् मी परत घरात भांडी घासत हुते.

तर सोमवारी कुंडलिक डाळिंब घेऊन दिल्लीला येतोय. गाडी खाली झाली की तुमच्या दारात येईल. तो तुझा मुराळी न्हवं. स्वरूपाचा हाय. तिला सांग, निरवांगीहून मूळ आलंय, पातळ बदल आन् गाडीत बस. नेमणूक गेली तर गेली, राजीनामा दिलाय तर तिला येळबी हाय. तुला यायचं असलं तर ये. केबिनीत ती बसंल, तू मागं डाळिंबाच्या रिकाम्या कॅरेटवर बस.

आन् मुराळ्याला रिकाम्या हातानं लावून द्यायचं न्हाय. तिच्या हातचं लिंबाचं गोड लोणचं धाड, एक बरणी, तोंडाला फडकं बांधून. मला दात न्हाईत, तवा साल मऊ मुरलेली बघून दे. दुकानातनं आणून बरणीत भरू नको, मी सिंधी आन् म्हस्कू दोघांकडनं चाखून घेणार हाय.

अंगठा, ठमाबाई